वाचक विचारतात: जुन्या बोटीतलं किचन बदलायचंय

पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर काढली की काय काय कामं उरकून घ्यावीत, असं मागच्या अंकात विचारलं होतं. मला वाटलं तळ, रंग, प्रोपेलर यावर पत्रं येतील, पण निम्म्याहून जास्त पत्रं गॅलीबद्दल, म्हणजे बोटीतल्या किचनबद्दल आली. शेगडी कुठली, फ्रिज कुठला, घरचा चालेल का. त्यातली काही इथे घेतोय. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गाव.

बेलापूरहून एक वाचक: सर, आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी मोटरबोट घेतलीये, ३४ फुटी, अमेरिकेत बनलेली, १९८६ची, दोन डिझेल इंजिनं. इंजिनं ठणठणीत आहेत पण गॅलीचं काय करावं कळत नाहीये. तीन प्लेटची इलेक्ट्रिक शेगडी, खाली ओव्हन, वर मायक्रोवेव्ह, ओट्याखाली फ्रिज, सगळं १२० व्होल्टचं. फ्रिज बंदच आहे, शेगडीची एकच प्लेट तापते. एक मित्र म्हणतो ट्रान्सफॉर्मर लावू आणि जुनंच चालवू, दुसरा म्हणतो सगळं उपटून वाशीतून इंडक्शन, मायक्रो, छोटा फ्रिज आणू आणि इन्व्हर्टरवर टाकू. जनरेटर आहे, तोही अमेरिकन. आम्ही शक्यतो सकाळी निघून संध्याकाळी परत येतो, वर्षातून दोनचार वेळा मांडव्याला रात्र काढतो.

उत्तर: ट्रान्सफॉर्मरवाल्या मित्राला आधी सांगा की ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते ते, बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. शेगडीच्या प्लेटला काही फरक पडत नाही, ती नुसती तापणारी तार आहे. पण जुन्या मायक्रोवेव्हच्या आत जो वजनदार ट्रान्सफॉर्मर असतो तो ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो, ५०वर तो जास्त करंट खेचतो आणि तापत तापत एक दिवस जातो. फ्रिजचा एसी कॉम्प्रेसर सहाव्या हिश्श्याने हळू फिरतो आणि तोही तापतो. त्यामुळे चाळीस वर्षांच्या मायक्रोवेव्हसाठी नवीन ट्रान्सफॉर्मर घेणं हे मला पटत नाही, पैसे कुठे घालायचे असतील तर ते पुढे सांगतो तिथे घाला.

जनरेटरचं मात्र घाईने ठरवू नका. त्याची नेमप्लेट बघा. १८०० आरपीएमवर ६० हर्ट्झ देणारा असेल तर बहुतेक तो चार पोलचा आहे, १५००वर आणला की ५० हर्ट्झ मिळतात. काही मॉडेलमध्ये आतल्या वायरिंगची टोकं वेगळी जोडून २३० व्होल्टही काढता येतात, काहींमध्ये नाही, ते मॅन्युअल आणि जनरेटरचा जाणकार मेकॅनिकच सांगेल. ताकद साधारण सहाव्या हिश्श्याने कमी होईल हे धरून चाला. जमत नसेल तर तो विका आणि तेवढं वजन बोटीतून कमी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुम्ही विचारलेलं नाहीये तरी सांगतो. नेहमीचा सोसायटीचा वायरमन बोटीत उतरवाल तेव्हा त्याला आधी बसवून रंग समजावून द्या. अमेरिकन बोटीत एसीची काळी वायर म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. आपल्या माणसाच्या डोक्यात लाल फेज आणि काळी न्यूट्रल इतकं पक्कं बसलेलं असतं की तो विचारणारही नाही, काळी धरेल आणि कापेल. वर गंमत म्हणजे त्याच बोटीत १२ व्होल्टच्या डीसी लाइनची निगेटिव्हसुद्धा काळीच असते. एकाच पॅनेलमागे दोन काळ्या वायरी, एक निरुपद्रवी आणि एक जीव घेणारी. तिकडच्या नव्या बोटींमध्ये म्हणूनच डीसी निगेटिव्हला पिवळी वायर वापरायला लागलेत, तुमच्या ८६च्या बोटीत ती असायची शक्यता कमीच. त्यामुळे टेस्टर आणि मीटर लावल्याशिवाय एकही वायर कापायची नाही आणि प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना टॅग लावायचा. २३० आणणार असाल तर जुनी चपट्या पिनांची सॉकेट्स एकही ठेवू नका, नाहीतर कुणीतरी राहिलेलं १२० व्होल्टचं यंत्र त्यात खुपसणारच. ब्रेकर दोन पोलचे घ्या, ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावा. आणि केबल टिन केलेली तांब्याची घ्या, बेलापूरच्या हवेत साधी तांब्याची तार का काळी पडते ते पुढे फ्रिजच्या उत्तरात येईलच.

दुसऱ्या मित्राच्या इंडक्शनबद्दल. लोक आधी दुकानात जातात, मॉडेल पसंत करतात, मग बोटीला विचारतात. उलटं करा. बोट काय देऊ शकते ते आधी मोजा, मग जे बसेल ते घ्या. आपल्या बाजारातली इंडक्शन १८०० ते २००० वॅटची असते. २००० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे म्हणजे इन्व्हर्टरचा तोटा धरून १९० अँपिअरच्या आसपास. एवढ्या करंटला बोटाएवढ्या जाडीची केबल लागते, तीही शक्य तितकी आखूड, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. तुमच्याकडे १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ती निम्मीच वापरायची असते, नाहीतर लवकर मरते, म्हणजे हातात ६०० वॅट-अवर. कागदावर अठरा मिनिटं इंडक्शन. प्रत्यक्षात इतक्या जोरात ओढलं की लेड-ॲसिड त्याहून कमी देते, म्हणजे भाताला दम बसायच्या आत इन्व्हर्टर टीटी करायला लागणार. शिवाय स्वस्त इंडक्शनमध्ये आच कमी केली तरी ती कमी वॅटवर चालत नाही, पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहते, त्यामुळे ‘मंद आचेवर करू’ म्हणून सुटका नाही.

लिथियम लावलं, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), तर चित्र बदलतं. १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरमध्ये १२८० वॅट-अवर असतात आणि त्यातले बहुतेक वापरता येतात, तशा दोन घेतल्या की दिवसाचं जेवण निघतं. पण त्या इंजिनच्या अल्टरनेटरला सरळ जोडू नका. रिकामी लिथियम बॅटरी मागेल तेवढा करंट घेत बसते, आणि खाडीत आपण स्पीड कमी ठेवून चालतो तेव्हा अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो, तापून जळतो. मधे डीसी टू डीसी चार्जर हवाच. इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी, तिला किचनने हात लावायचा नाही. आणि घरच्या इन्व्हर्टरच्या त्या उंच ट्यूब्युलर बॅटऱ्या केबिनमध्ये नकोत, त्यातलं ॲसिड हेलकाव्यात सांडतं आणि चार्जिंगला हायड्रोजन सुटतो.

आता तुम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी येणारी माणसं. एक लिटर पाणी उकळायला साधारण १०० वॅट-अवर लागतात, सहा कप चहा झाला. मला विचाराल तर ओव्हन काढून टाका आणि परत बसवू नका, त्या जागेत भांड्यांचं कपाट करा. मुंबईच्या उन्हाळ्यात ३४ फुटी बोटीच्या केबिनमध्ये ओव्हन कोण लावणार? मायक्रोवेव्ह हवाच असेल तर ८०० वॅट लिहिलेला घ्या आणि लक्षात ठेवा की ते ८०० वॅट जेवणाला मिळतात, बॅटरीतून १२०० ते १३०० जातात. पाच मिनिटं गरम करायला त्याचं ओझं काही नाही. इन्व्हर्टर फक्त प्युअर साइन वेव्ह घ्या, स्वस्तातल्यावर मायक्रो गुरगुरतो आणि नीट तापतही नाही. इंडक्शन, एक मायक्रो, एक डीसी फ्रिज आणि दोन लिथियम बॅटऱ्या, एवढ्यावर तुमचं भागतं. मांडव्याच्या रात्रीसाठी जेवण घरूनच शिजवून न्या, मटण बोटीत शिजवायची हौस एकदा केली की भागते.

अजून एक. ऑर्डर द्यायच्या आधी केबिनचा दरवाजा, पायऱ्या आणि आतलं वळण मोजा. जुन्या बोटींमध्ये बऱ्याचदा ओव्हन आणि फ्रिज डेक बसवायच्या आधी आत ठेवलेले असतात, त्यामुळे अख्खे ते बाहेरच येत नाहीत, आतच सुटे करून तुकड्यातुकड्याने काढावे लागतात. नवीन यंत्राच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा आणि तो ओट्यापर्यंत नेऊन बघा. खोका वाकवावा लागला तर यंत्र जाणार नाही.

ठाणे, घोडबंदर रोडहून एक ताई लिहितात: काका, आमच्या यजमानांची छोटी केबिनवाली मोटरबोट आहे, त्यात आधीच्या मालकाने स्पिरिटवर चालणारी शेगडी ठेवली होती, ती आता गळते. यजमानांचं म्हणणं गॅस बसवू, सिंकखाली छोटा सिलिंडर मावतो, घरची दोन बर्नरची शेगडी पडूनच आहे. मला भीती वाटते. घरात इतकी वर्षं गॅस वापरतो, मग बोटीत काय वेगळं?

उत्तर: ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात गळला तर जमिनीलगत पसरतो आणि दाराच्या फटीतून, बाल्कनीतून निघून जायला वाट असते. बोटीचा तळ म्हणजे पातेलं. गळलेला गॅस फळ्यांखाली उतरतो आणि तिथेच बसतो, वर खिडकी कितीही उघडी ठेवा. हवेत दोन टक्के गॅस झाला की तो पेट घेऊ शकतो, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. आणि ठिणगी द्यायला तिथे सगळं तयारच असतं, बिल्ज पंपाचा, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा, ऑटोमॅटिक स्विच आहे, इंजिनचा स्टार्टर आहे. वास येईल म्हणाल तर वास गॅसबरोबर खालीच बसतो, नाक वर असतं.

म्हणून सिंकखाली सिलिंडर अजिबात नाही. बोटीत गॅस वापरता येतो, जगभर वापरतात, पण त्याची रीत ठरलेली आहे. सिलिंडरला स्वतंत्र लॉकर, केबिनपासून पूर्ण बंद, उघडणार फक्त वरून आणि तेही बाहेरच्या बाजूला. लॉकरच्या तळाला ड्रेन, जो बोटीच्या बाहेर आणि पाण्याच्या पातळीच्या वर निघतो, म्हणजे गळलेला गॅस आपोआप वाहून जाईल. एबीवायसी या बोटींचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या नियमात हा ड्रेन किमान अर्धा इंचाचा आहे, बोटीतल्या गॅससाठीच्या आंतरराष्ट्रीय आयएसओ १०२३९मध्ये १९ मिलिमीटर, मी म्हणेन मोठाच घ्या, कारण आपल्याकडे त्यात चिखल आणि कोळ्यांची जाळी बसतात. त्याचं तोंड खिडकी, दार, इंजिनची हवा घ्यायची जाळी यांपासून वीसेक इंच तरी लांब हवं. लॉकरपासून शेगडीपर्यंत होज अखंड, मधे एकही जॉइंट नाही. जिथून भिंतीतून जातो तिथे रबरी ग्रोमेट, नाहीतर हेलकाव्यात घासून घासून कापला जातो. लॉकरमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडबंद होणारा, आणि त्याचा स्विच शेगडीजवळ, स्वयंपाक झाला की स्विच बंद, गॅस लॉकरमध्येच थांबतो.

लॉकरमध्ये प्रेशर गेज बसवून घ्या, ही खर्चाने छोटी गोष्ट आहे आणि फायद्याने फार मोठी. शेगडीच्या नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडा, गेज वर जाईल, मग सिलिंडर बंद करा आणि तीन मिनिटं काट्याकडे बघत बसा. काटा हलला तर कुठेतरी गळतंय. मग साबणाचं पाणी लावून शोधा. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत म्हणून सांगतो, काडी नाही.

घरची पडून असलेली शेगडी मात्र नको. त्या शेगडीत ज्योत विझली तरी गॅस चालूच राहतो. घरी हे दूध उतू गेल्यावर घडतं, बोटीत शेजारून एखादी स्पीडबोट गेली आणि लाटेने पातेलं सांडलं की घडतं. फ्लेम फेल्युअर असलेला बर्नर हवा, ज्यात ज्योत गेली की थर्मोकपल थंड होतो आणि गॅस आपोआप बंद होतो. आता काही बिल्ट-इन हॉबमध्ये हे येतं, विचारून घ्या. भांडी घसरू नयेत म्हणून शेगडीभोवती कठडा आणि भांड्याला पकडणारे चिमटे लावून घ्या, ते वागळे इस्टेटमधला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. बाहेरून आणलेली बोटीची शेगडी घेणार असाल तर तिच्या प्लेटवर प्रेशर वाचा, आपला घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास देतो, २८-३० लिहिलेली शेगडी चालेल, ५० लिहिलेली चालणार नाही.

सिलिंडरबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत. बाजारात डोक्यावर बर्नर बसवलेले छोटे सिलिंडर मिळतात आणि गल्लीत कुणीतरी घरगुती सिलिंडरमधून ते भरून देतो, ते बेकायदा तर आहेच पण किती भरलाय, व्हॉल्व्ह कसला आहे काही ठिकाणा नसतो. तो बोटीतच काय, घरातही आणू नका. घरगुती सिलिंडर घरासाठी असतो, बोटीसाठी कंपन्यांचा ५ किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर मिळतो, ओळखपत्र दाखवून घेता येतो. बोटीवर पैसे घेऊन माणसं नेणार असाल तर गॅस बसवायच्या आधी मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेयरला विचारा, बसवून मग विचारू नका.

आणि हे सगळं वाचून ‘एवढा खटाटोप?’ असं वाटत असेल तर ते योग्यच वाटतंय. छोट्या बोटीत लॉकरला जागाच नसेल तर गॅसचा विचार सोडा. बिनप्रेशरची स्पिरिट शेगडी मंद असते, ज्योत उन्हात दिसत नाही, वास येतो, पण तिचं इंधन तळाला जाऊन दबा धरून बसत नाही आणि सांडलेलं स्पिरिट पाण्यात मिसळतं. फक्त ती पूर्ण थंड झाल्याशिवाय भरायची नाही, भाजल्याच्या बहुतेक गोष्टी तिथूनच सुरू होतात. नाहीतर थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोहे, ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला एवढं पुरतं.

ज्योत कुठलीही असो, केबिन बंद करून पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म झोपताना डोकं असतं त्या उंचीच्या जवळपास लावा, आणि गॅस गळतीचा सेन्सर उलट तळाशी. दोन्ही एकाच ठिकाणी लावले तर एक फुकट गेला समजा.

दिवाळे गावातून एक तरुण वाचक: दादा, आमची जुनी लाँच आहे, वडिलांनी मासेमारी थांबवली तेव्हापासून मी पिकनिकसाठी चालवतो. लोकांना थंड पाणी, कोल्ड्रिंक, बांगडा-सुरमई ठेवायला फ्रिज हवाय. घरचा सिंगल डोअर इन्व्हर्टरवर लावू का? एकाने गॅसवर चालणारा फ्रिज दाखवला, म्हणे आवाजच नाही. ओहोटीला आमची बोट गाळात बसते, तिरकी होते, त्याने काही होतं का?

उत्तर: शेवटच्या वाक्यात तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे. गॅसवरचा फ्रिज, त्याला ॲब्सॉर्प्शन म्हणतात, त्यात पंप वगैरे काही नसतं, आतला अमोनिया नुसत्या उतारावर फिरतो. म्हणूनच आवाज नाही. पण म्हणूनच तो सपाट लागतो. बोट गाळात तिरकी बसली की फिरणं थांबतं, थंड होणं थांबतं आणि तसाच तासन्‌तास तापवत ठेवला तर कायमचा बाद होतो. वर ज्योत केबिनमध्ये चोवीस तास. वरच्या ताईंना जे सांगितलं ते वाच आणि तो फ्रिज विसर.

कुणी जहाजाचा जुना, समुद्राच्या पाण्याने थंड होणारा फ्रिज स्वस्तात दाखवेल, मुंबईच्या दारुखान्यात, जुन्या जहाजांच्या भंगारबाजारात, असला माल फिरत असतो. तोही नको. आपल्या खाडीचं पाणी म्हणजे पातळ गाळ, गाळणी आठवड्यात तुंबेल, आणि ओहोटीला तर बोटीखाली पाणीच नाही, पंप कोरडा फिरेल.

गाडीत लावतात तो सॉकेटवरचा थर्मोइलेक्ट्रिक बॉक्स बाहेरच्या तापमानापेक्षा जेमतेम वीसेक डिग्री खाली जातो. मे महिन्यात ३८ असेल तर आत १८. त्यात मासे ठेवणार?

घरचा सिंगल डोअर चालतो, पण महाग पडतो. यंत्र म्हणून नाही, विजेला. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायलाच १५ वॅटच्या आसपास खातो, दिवसाचे ३६० वॅट-अवर, फ्रिजने एक बाटलीही थंड न करता. कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका मारतो त्यासाठी इन्व्हर्टर गरजेपेक्षा मोठा घ्यावा लागतो. लाटेत दार उघडतं, त्याला कडी नसते. आणि हल्लीच्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, जळणारा आणि हवेपेक्षा जड. भरलेला थोडाच असतो, पण बोटीच्या बंद कपाटात तो गळावा असं मला तरी वाटत नाही.

तुला १२ किंवा २४ व्होल्टवर सरळ चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज हवा. सेकॉपचे, जे आधी डॅनफॉस नावाने यायचे, ते बीडी ३५ आणि बीडी ५० कॉम्प्रेसर बोटीच्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं चालतायत. चालू असताना ४०-५० वॅट, आपल्या उकाड्यात निम्मा वेळ चालेल असं धर, दिवसाचे साडेपाचशे वॅट-अवर, म्हणजे १२ व्होल्टला ४५ अँपिअर-अवर. १०० वॅटचं सोलर पॅनेल इथल्या उघडिपीत दिवसाला साधारण ३५० ते ४०० वॅट-अवर देतं, तुझ्या लाँचच्या टपावर दोन सहज बसतील, मग इंजिन बंद असलं तरी फ्रिज चालेल. ३० डिग्रीपर्यंत तिरका असला तरी हा फ्रिज कुरकुरत नाही.

पण फ्रिजपेक्षा त्याचं कपाट महत्त्वाचं. कंडेन्सरला खालून हवा आत यायला आणि वरून बाहेर पडायला जाळी दे, बंद खणात ठेवलास तर तो स्वतःच सोडलेली गरम हवा परत परत घेत राहील आणि दिवसभर बंदच होणार नाही. इंजिनच्या भिंतीला चिकटवू नकोस. मधे दोन इंच तरी पीयू (पॉलियुरेथेन) फोम घाल, थर्माकोल नाही.

आणि खाडीच्या वासाचं. ओहोटीला गाळातून जो सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, तो तांबं खातो. नवी मुंबईत खाडीकाठच्या आणि नाल्याकाठच्या बिल्डिंगींमध्ये एसीचा गॅस सारखा का उडतो याचं एक मोठं कारण हेच, कॉइलला बारीक छिद्रं पडतात. म्हणून कंडेन्सर आणि तांब्याच्या नळ्यांना कोटिंग असलेलाच फ्रिज घे, आणि टर्मिनलवर ग्रीस लाव. वायर टिन केलेली.

हे सगळं झाल्यावर माझं खरं मत. दिवसभराच्या पिकनिकला तुला फ्रिज लागतच नाही. वडिलांच्या बोटीत बर्फाचा खण असेलच, त्याला आतून नवीन पीयू फोम आणि फायबरचं अस्तर मारून घे, झाकणाला रबर लाव, तळाला पाणी निघायची नळी, पण ती बिल्जमध्ये सोडू नकोस, माशांचं पाणी तळाला साचलं की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. खायचं-प्यायचं एका खणात, मासे दुसऱ्या. मासळीचा बर्फ बाहेरून थंड करायला, ग्लासात टाकायला नाही. फ्रिजचे पैसे सोलर आणि चांगल्या बॅटरीत घाल, पुढे रात्रीच्या ट्रिपा सुरू केल्यास तर फ्रिज त्यावर बसवता येईल.

ऐरोलीहून: जुनी शेगडी काढली तर ओट्याचं प्लाय खालून कुजलेलं निघालं. नवीन कुठलं? आणि स्टील ३०४ की ३१६? दुकानदार म्हणतो फरक नाही.

उत्तर: दुकानदाराच्या दुकानात फरक नाही, खाडीत आहे. ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्याने टिपके फार कमी पडतात, ३०४ला लवकर पडतात. ओट्याचा पत्रा आत असतो, पुसला जातो, तिथे ३०४ चालवून घ्या, पैसे वाचतील. स्क्रू, बिजागऱ्या, बाहेरचा लॉकर, तिथे ३१६च. प्लाय आयएस ७१०चा शिक्का असलेला, म्हणजे मरीन प्लाय. पण कुजलं ते प्लाय वाईट होतं म्हणून नाही, कापलेली कड उघडी होती म्हणून. शेगडी आणि सिंकसाठी जे भोक कापाल त्याच्या कडेला एपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, वाळू द्या, मगच यंत्र बसवा. सनमायका वरून लावून खालची बाजू कोरी ठेवणं ही आपल्या सुतारांची जुनी सवय, उभं राहून करून घ्या.

विटाव्याहून: सिंकखालचा पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह जाम आहे. गॅलीचं काम काढलंच आहे तर बदलू का? प्लंबरने पितळेचा आणलाय.

उत्तर: बदला, पण हा नाही. साधं पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते गुलाबीसर, भुसभुशीत. दिसायला व्हॉल्व्ह अख्खा, हात लावला की तुटतो, आणि तो पाण्याच्या पातळीखाली असेल तर बोट जेट्टीलाच बुडते. ब्राँझचा किंवा बोटीसाठी बनवलेला फायबरचा घ्या. बोट पाण्याबाहेर असतानाच हे काम करायचं, त्यामुळे नारळी पौर्णिमेच्या आत उरका.

कोपरखैरणेहून: काढलेला जुना फ्रिज भंगारवाल्याला द्यावा का?

उत्तर: नव्वदीच्या आधीचा असेल तर त्यात आर-१२ असायची दाट शक्यता, ओझोनचं नुकसान करणारा तोच वायू, आपल्याकडे त्याचं नवीन उत्पादन केव्हाच थांबलंय. भंगारवाला पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तांब्यासाठी नळी कापतो, आणि सगळा गॅस हवेत. आधी एसी-फ्रिजवाल्या मेकॅनिककडून गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या, मशीन नसलेला ‘सोडून देतो’ म्हणेल, त्याला नको म्हणा. मग सांगाडा नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे. ॲब्सॉर्प्शनवाला असेल तर आत अमोनिया आहे, त्याची नळी स्वतः कापायला जाऊ नका, बंद केबिनमध्ये तर मुळीच नाही.